पित्याने देवाच्या हाती सोपविलेली लेक

गुड फ्रायडेनिमित्त पंडिता रमाबाईंचे पुण्यस्मरण

आज गुड फ्रायडे. चैत्रातील रामनवमी आणि हनुमान जयंती यांच्या आगेमागे येणारा हा दिवस आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या घरी उत्सवाचा नसतो. तो व्रताचा, उपवासाचा आणि मौनाचा दिवस असतो. प्रभू येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळण्यात आले ते या दिवशी. त्या घोर वेदनेत त्याने, देवाने आपल्याला का टाकले, असा आर्त प्रश्न केला आणि अखेरच्या श्वासाबरोबर आपला आत्मा त्याच देवाच्या हाती सोपविला, असे शुभवर्तमाने सांगतात. प्रश्न आणि समर्पण एकाच मुखातून, एकाच दुपारी निघाले. दुःखाच्या परिसीमेवर उभ्या असलेल्या प्रत्येक भाविकाला या दोहोंमधील अंतर कधी ना कधी चालावेच लागते. आपल्या तुकोबारायांनीही दुष्काळात पत्नी व पुत्र गमावले, दिवाळे निघालेले पाहिले आणि त्यानंतरच ते विठ्ठलाच्या पायी कायमचे स्थिरावले. भक्तीची वाट कोणत्याही धर्मात फुलांनी आच्छादलेली नाही.

हे अंतर आयुष्यभर चाललेली एक थोर स्त्री आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई या नावाने तिला अवघा देश ओळखतो. संस्कृतची प्रकांड पंडिता, स्त्रीशिक्षणाची अग्रदूत, अनाथ व विधवा स्त्रियांची माउली, ही तिची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु या कीर्तीमागे भूक, मृत्यू, संशय आणि एकाकीपणा यांची जी दीर्घ परंपरा होती, तिचा विचार आपण क्वचितच करतो. ५ एप्रिल १९२२ रोजी, वर्षाच्या याच दिवसांत, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे तिने देह ठेवला. आजच्या दिवशी तिच्या जीवनकथेचे स्मरण उचित ठरावे.

गंगामूळचे तपोवन

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणातून दक्षिणेत स्थायिक झालेल्या चित्पावन कुळातील व्युत्पन्न पंडित. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययनास होते. शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून गीर्वाणवाणी ऐकून अनंतशास्त्री विस्मित झाले आणि आपल्या घरीही हे ज्ञान स्त्रियांना द्यावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. प्रथम पत्नीच्या निधनानंतर गोदावरीकाठी त्यांना लक्ष्मीबाई पत्नी म्हणून लाभल्या, त्या वेळी त्या अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना त्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. समाजाने आक्षेप घेतला, शास्त्रार्थ झाला, पण शास्त्रीबुवा डगमगले नाहीत. शेवटी गावकीच्या कटकटीला कंटाळून त्यांनी गंगामूळच्या रानात आश्रम उभारला, विद्यार्थी जमविले आणि अध्यापन चालू ठेवले.

तीर्थयात्रेच्या वाटेवरचे हे ठिकाण असल्याने अतिथींचा ओघ अखंड असे. अतिथी देवासमान मानणाऱ्या त्या गृहस्थाने कोणाला विन्मुख पाठविले नाही. त्यात जमीनजुमला गेला, कर्ज झाले आणि रमा सहा महिन्यांची असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडले. वेताच्या पेटीत घातलेले ते तान्हे मूल एका हमालाच्या डोक्यावरून डोंगर उतरले. तेथून पुढची सोळा वर्षे या कुटुंबाला स्वतःचे असे छप्पर लाभले नाही. देवळाच्या ओवरीत वा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे अर्पण करतील त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा क्रम होता. वडील वार्धक्याने थकल्यामुळे रमेच्या शिक्षणाचा भार आईने उचलला. पहाटे पाखरे जागी होण्यापूर्वी मुलीला मांडीवर घेऊन ती माउली श्लोक म्हणवून घेई. त्या पहाटेच्या पाठांतून भागवताचे हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले.

थोरल्या मुलीचा, कृष्णाबाईचा, बालपणी केलेला विवाह दुःखाचा ठरला होता. म्हणून रमेचे लग्न लहानपणी करावयाचे नाही, असे शास्त्रीबुवांनी ठरविले. त्या काळात हे केवढे धाडस होते, याची आज कल्पनाही येणार नाही.

अकरा दिवसांचा उपवास

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची छाया पसरली. अन्नाचाच तुटवडा पडला तेथे पुराण ऐकावयास कोण येणार? शास्त्रीबुवा अंध झाले होते, शरीर जर्जर झाले होते. मोलमजुरी करावी तर ती पंडिताच्या कुळाला शिकविलेली नव्हती, भिक्षा मागावी तर स्वाभिमान आड येई. जवळची भांडी, वस्त्रे, दागिने एकेक करून गेले. या काळात त्या कुटुंबाने देवाची आराधना कमी केली नाही, उलट वाढविली. व्रते, जप, प्रदक्षिणा, तीर्थस्नाने, ब्राह्मणभोजने, शास्त्रात सांगितलेले सर्व काही केले. संपत्ती मिळावी, संकट टळावे, या हेतूने केलेली ती आराधना होती, हे रमाबाईंनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

शेवटचा दाणा संपला तेव्हा लोकांपुढे अपमानित होऊन मरण्यापेक्षा रानात जाऊन मरावे, असे ठरवून सारी माणसे अरण्यात शिरली. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर ती जगली. शेवटी अंध पित्याने पवित्र जलाशयात देह अर्पण करण्याचा निश्चय केला आणि एकेकाचा निरोप घेतला. रमा सर्वांत धाकटी, सर्वांत लाडकी. तिला जवळ घेऊन पित्याने सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस, त्याचीच होऊन राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. सोळा वर्षांच्या त्या मुलीने हे शब्द हृदयात कोरून ठेवले. तिच्या साऱ्या पुढच्या आयुष्याचे बीज त्या एका क्षणात आहे.

मुलगा श्रीनिवास याने पित्याला जलसमाधीपासून परावृत्त केले. लाज सोडून आपण मजुरी करू, असे त्याने सांगितले. कुटुंब रानातून बाहेर आले, पण फार उशीर झाला होता. काही दिवसांतच शास्त्रीबुवा निवर्तले. उचलण्यास माणसे मिळेनात, म्हणून पुत्राने पित्याचा देह स्वतःच्या हातांवर घेऊन गावाबाहेर नेला.

दीड महिन्यात आईची पाळी आली. तापाने व उपासमारीने खंगलेल्या आईने भाकरीचा तुकडा मागितला. रमा शेजारच्या ब्राह्मणाच्या दारी गेली. आयुष्यात प्रथमच ती मागावयास उभी होती. घरधनीण मायेने बोलली, पण हिच्या तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. त्या साध्वीने न मागताच ओळखले आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. ती घेऊन रमा धावत आली, परंतु खाण्याची शक्ती आता आईच्या देहात उरली नव्हती. थोड्याच दिवसांत तिने डोळे मिटले. स्मशान तीन मैलांवर होते. दोन ब्राह्मण कसेबसे खांदा देण्यास आले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीने ती लहान असल्यामुळे तिला तिरडीचा दांडा खांद्यावर घेता येईना, तो तिने डोक्यावर घेतला. काही महिन्यांनी कृष्णाबाईही पटकीने गेली.

संशयाचा अंधार

मागे राहिली ती दोन भावंडे. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत त्यांनी हजारो मैलांची पायपीट केली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे वस्त्र नव्हते, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. रानबोरे मिळाली तर ती बियांसकट खाल्ली. अशा रात्रींत वर ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाकडे पाहताना त्या दोघांच्या मनात एक प्रश्न हळूहळू आकार घेऊ लागला. शास्त्राने सांगितलेले सर्व आपण केले, आईवडिलांनी तर प्राणापलीकडे केले. मग फळ का नाही? चूक कोठे झाली? कर्मात न्यून राहिले, की ऐकणाराच कोणी नाही?

हा संशय ग्रंथ वाचून आलेला नव्हता, तो भुकेच्या पोटी जन्मला होता. सुखवस्तू माणसाच्या नास्तिक्यात एक प्रकारची ऐट असते. रमाबाईंच्या संशयात ऐट नव्हती, आकांत होता. ज्याच्या हाती पित्याने सोपविले तोच दिसेनासा झाला, अशी ती अवस्था होती. लौकिकात मात्र याच वेळी तिचे भाग्य उघडले. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे अस्खलित संस्कृत ऐकून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्यांनी तिचा गौरव केला. सभा झाल्या, हार पडले. याच शहरात ती प्रथम एका ख्रिस्ती मेळाव्यास गेली. खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करणारी ती मंडळी पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असे तिला वाटले. कोणीतरी संस्कृत बायबल हाती दिले, तेही त्या वेळी तिला आकलन झाले नाही. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाध्ययनास प्रवृत्त केले. जसजसे वाचन वाढले, तसतसे स्त्रीला मोक्षाचा अधिकार कोठे आणि कसा, हा प्रश्न तिला अधिकच बोचू लागला.

१८८० मध्ये डाक्क्यास श्रीनिवासही गेला. आता ती जगात सर्वस्वी एकटी होती. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत निराळा, जात निराळी, भाषा निराळी, त्यामुळे दोन्हीकडचा समाज दुरावला. आसामातील सिल्चर येथे संसार थाटला. पतीच्या पुस्तकांत तिला बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले आणि ती ते आवडीने वाचू लागली. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. पण हे सुख दोन वर्षेही टिकले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावींना ओढून नेले. चोविसाव्या वर्षी, दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

धर्मांतर, आणि त्यानंतरही प्रश्न

त्या वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षिका हव्यात, अशी साक्ष दिली. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून पैसा उभा करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. आपण ख्रिस्ती होणार नाही, असे त्या वेळी त्यांनी निक्षून सांगितले होते.

वांटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या. समाजाने टाकून दिलेल्या, पतित म्हणून हिणविलेल्या स्त्रियांना या भगिनी लंडनमध्ये मायेने सांभाळीत होत्या. हे पाहून रमाबाई स्तिमित झाल्या. याची प्रेरणा काय, असे विचारता विहिरीवर पाणी भरणाऱ्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना सांगण्यात आली. उच्चनीच, शुचि-अशुचि हा भेद न मानता ख्रिस्त तिच्याशी बोलला, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणाला भिडली. मूळचे काशीचे चित्पावन पंडित आणि पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनीही त्यांच्या शंकांना काही उत्तरे दिली. गोरेशास्त्री स्वतः आयुष्यभर शंकांशी झुंजलेले पुरुष होते. संशयग्रस्ताची भाषा संशयग्रस्तालाच अधिक उमगते.

याच सुमारास सोबत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी वांटेज येथे आत्महत्या केली. परक्या देशात हा आघात किती दारुण असेल! त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात हलकल्लोळ उडाला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी अनेकांना तो विश्वासघात वाटला.

परंतु धर्म बदलला म्हणून मन शांत झाले, असे मात्र नाही. बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे ही त्यांच्या तीव्र शंकांची वर्षे आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार, या सर्वांवर त्यांनी आपल्या धर्ममाता भगिनी जेराल्डिन यांच्याशी निकराचा वाद केला. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ कोणी सांगते म्हणून मानणार नाही, हा त्यांचा बाणा इंग्रज गुरूंपुढेही तसाच राहिला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून हे सारे स्पष्ट दिसते. त्यांनी शाकाहार सोडला नाही, आपला भारतीय वेष सोडला नाही, आणि गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारले. श्रवणशक्ती मंद होत गेल्याने डॉक्टर होण्याचे स्वप्नही मावळले. आणखी एक दार बंद झाले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लिहिलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी पुस्तकाने मोठी खळबळ उडविली. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षांच्या साहाय्याचे अभिवचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. म्हणजे हिंगण्याच्या महान कार्याशीही या सदनाचा धागा जुळलेला आहे.

पुढे सदन पुण्यास आले आणि वादळ उठले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. हे तटस्थतेत बसते काय, हा प्रश्न पालकांना पडला. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पंचवीसच्या आसपास मुली घरच्यांनी काढून नेल्या. पालकांची चिंता अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. कोणत्याही श्रद्धावान कुटुंबाला ती वाटलीच असती. पण आपल्याच माणसांनी पाठ फिरविल्यावर एका स्त्रीच्या अंतःकरणात काय उठले असेल, याचाही विचार व्हावयास हवा. हिंदूंना त्या परक्या झाल्या होत्या आणि अनेक मिशनऱ्यांना त्यांचे ख्रिस्तीपण अपुरे वाटत होते.

याच काळाच्या आरंभी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या अंतर्जीवनात मोठा पालट झाला. बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटली होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना उमजले. आजवर आपण देवाला पटवीत होतो, तपाशीत होतो, वाद घालीत होतो, पण बालकासारखे त्याच्या स्वाधीन झालो नव्हतो. काही प्रश्न त्यांच्याजवळ तसेच राहिले. मात्र उत्तर मिळाल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, ही अट त्यांनी सोडली. आपल्याकडे सकाम आणि निष्काम भक्तीचा जो भेद सांगितला आहे, त्याच उंबरठ्यावर त्या येऊन उभ्या राहिल्या, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

पुन्हा दुष्काळ

या विश्वासाची कसोटी लवकरच लागली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वृत्त ऐकताच वीस वर्षांपूर्वीचे अरण्य, ती अकरा रात्रींची भूक, आईच्या हातातील न खाल्लेली भाकरी, सारे त्यांच्यापुढे उभे राहिले. जवळ पैसा नव्हता. बोस्टनच्या मंडळाचे साहाय्य मर्यादित विद्यार्थिनींपुरते होते. तरीही त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून, झाडांखालून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा केल्या. त्यांत सर्व जातींच्या होत्या. त्यांच्या असहायतेचा गैरफायदा घेणारे नराधम आसपास फिरत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि घाई केली.

त्यातच पुण्यास प्लेग आला आणि शहरात इतक्या मुली ठेवण्यास सरकारी निर्बंध आले. तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या ठोकून मुली तेथे हलविण्यात आल्या. हेच मुक्तिसदन. १८९७ मध्ये सुमारे तीनशे मुली होत्या. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्याकडील मुली आल्यावर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. निश्चित उत्पन्न नाही, मागे संस्थानिक नाही, तरी रोज एवढी ताटे वाढावयाची! रमाबाई पहाटे उठून प्रार्थनेला बसत आणि दिवसभर विहिरी खणण्यापासून धान्य मोजण्यापर्यंत सर्व कामांत उभ्या राहत. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना, हे सारे मुलींनी चालविले. अंध स्त्रियांसाठी, अनाथ बालकांसाठी, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी निरनिराळी सदने उभी राहिली. मनोरमेने परदेशात अंधांची लिपी शिकून येथे अंध मुलींना वाचावयास शिकविले.

यश मात्र अखंड नव्हते. आणलेल्या मुलींपैकी कित्येक वाचल्या नाहीत. दुष्काळाने आतून पोखरलेली शरीरे अन्न मिळूनही सावरत नसत. रोगराई आली की एकामागून एक चिमुकले देह मातीत ठेवावे लागत. जिने पित्याला, आईला, बहिणीला, भावाला आणि पतीला पोचविले, तिने आता परक्यांच्या लेकींनाही पोचविले. देवाने असे का करावे, हा प्रश्न त्यांना पडत नसेल काय? पडत असेलच. पण आता तो प्रश्न घेऊन त्या देवापासून दूर जात नव्हत्या, त्याच्याच पायाशी तो नेऊन ठेवीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धान्य मोजावयाचे असे.

अखेरचे अर्पण

उत्तरायुष्यात एक मोठे काम त्यांनी हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करावयाचे. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मुक्तिसदनातील मुलींनी खिळे जुळविले आणि छपाई केली. जिने बालपणी संस्कृताचा अभिमान धरला, तीच पंडिता वार्धक्यात घराघरांतील बोलीकडे वळली. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, देह थकला होता, पण रोजचे काम रोज होत असे. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्या मानाचे त्यांना विशेष अप्रूप वाटले नाही.

आपल्यामागे हे कार्य मनोरमा सांभाळील, अशी त्यांना आशा होती. चाळीस वर्षांपूर्वी सिल्चरला जन्मलेली, वैधव्याच्या वाटेवर कडेवर घेतलेली ही एकुलती लेक आता विदुषी आणि सदनाचा आधारस्तंभ झाली होती. २४ जुलै १९२१ रोजी तीही गेली. रक्ताचे म्हणावे असे शेवटचे नाते तुटले. जवळ जवळ अर्धशतकापूर्वी अशाच आघातांनी रमाबाईंची श्रद्धा उन्मळून पडली होती. या वेळी तसे झाले नाही. दुःख कमी होते म्हणून नव्हे. आई ती आईच, तिचे काळीज दगडाचे होत नसते. पण तेव्हाची श्रद्धा फळाच्या आशेवर उभी होती आणि आशा तुटताच ती कोसळली. आताच्या श्रद्धेने काही मागितलेलेच नव्हते, त्यामुळे तिच्याकडून हिरावून घेण्यासारखे काही उरले नव्हते. पुत्रपौत्र, धनधान्य, आरोग्य, सारे गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाची कथा बायबलात आहे. ज्या ग्रंथाचे त्या भाषांतर करीत होत्या, त्यातील ते प्रकरण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर उमटले होते.

मनोरमेच्या निधनानंतर नऊ महिन्यांच्या आत रमाबाईंनीही इहलोकीची यात्रा संपविली. भाषांतराचे शेवटचे मुद्रितशोधन पुरे होईतो आयुष्य मिळावे, एवढीच त्यांची प्रार्थना होती आणि ते पुरे झाल्यावरच त्यांनी डोळे मिटले, असे त्यांच्या चरित्रात आदराने सांगितले जाते. ते बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे.

आपल्या देवघरात समई लावणाऱ्या वाचकाला रमाबाईंचे धर्मांतर रुचेलच असे नाही, आणि ते रुचावे असा आग्रहही नाही. पण अंतःकरणाच्या गोष्टी देवघराच्या भिंतींनी विभागल्या जात नाहीत. घरात आजारपण आले, कर्ता पुरुष गेला, पोटचे मूल दुरावले, नवस फळाला आला नाही, की आपल्याही मनात तोच झेलमच्या काठचा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाची लाज वाटू देऊ नये. संशय म्हणजे अभक्ती नव्हे, भक्तीची ती अंधारी रात्र आहे. रमाबाई त्या रात्रीतून चालत राहिल्या. आपल्या दुःखाचे कारण त्यांना शेवटपर्यंत कळले नसेल, पण ते दुःख कोणाच्या उपयोगी पडावे, हे त्यांना नेमके कळले. न खाल्ल्या गेलेल्या एका भाकरीची आठवण ठेवून त्यांनी हजारो लेकींच्या हातावर भाकरी ठेवली.

आणि त्या अंध, उपाशी शास्त्रीबुवांचे काय? श्रीकृष्णाच्या त्या भक्ताने अरण्यात मरणाच्या दारी बसून आपली धाकटी लेक देवाच्या हाती सोपविली होती, तिने जन्मभर त्याचीच सेवा करावी असे मागितले होते. ती लेक पुढे निराळ्या नावाने देवाला हाक मारू लागली. पण पित्याने मागितलेल्या त्या सेवेत अठ्ठेचाळीस वर्षांनी केडगावी देह ठेवीपर्यंत तिने खंड पडू दिला नाही. आजच्या या व्रतस्थ दिवशी त्या पित्याला आणि त्या लेकीला, दोघांनाही विनम्र अभिवादन.